घाटमाथ्याचा पाऊस: अ‍ॅपमधला आकडा आणि डोंगरातलं पाणी

घाटवाट | १६ जुलै, रात्री ९:५०

दर पावसाळ्यात हा विषय वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांनी निघतो. कुणी विचारतं, "रविवारी ताम्हिणीत किती पाऊस असेल?" पाच जण पाच अ‍ॅपचे पाच आकडे देतात आणि रविवारी तिथे जे पडतं त्याचा एकाशीही मेळ बसत नाही. म्हणून एकदा सगळं एकत्र लिहून ठेवतो. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. पाटबंधाऱ्याच्या कामात उमेदीची वर्षं गेली, पर्जन्यमापकाच्या नोंदवह्या रोज हाताखालून जायच्या. डोंगरातला पाऊस मी त्या वह्यांमधून शिकलो.

माझं म्हणणं एवढंच आहे: सह्याद्रीतल्या पावसाचा अंदाज वाचताना मिलिमीटरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी वारा बघा. आणि नदीकाठी राहत असाल तर स्वतःच्या गावाचा अंदाज वाचून थांबू नका, नदी जिथे उगवते तिथला वाचा.

महाबळेश्वरचं उदाहरण शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस. तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथे त्याच्या एक तृतीयांश. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की आणखी निम्म्याहून कमी. म्हणजे एका तासाच्या एसटी प्रवासात पाऊस आठ पटींनी घटतो. आता अंदाज देणारी संगणकीय प्रारूपं बघा. ती पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची देतात. आपल्याकडे बरीच वर्षं हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. कोकणच्या सपाटीवरून माथ्यावर येणारी चढण आडव्या अंतरात कितीतरी ठिकाणी पाच-सात किलोमीटरच आहे. अख्खा कडा एका चौकोनात मावतो. संगणकाला तिथे सह्याद्रीची भिंत दिसतच नाही, एक लांबलचक उतार दिसतो. भिंतीवर आपटून वर चढणारा वारा आणि उतारावरून सावकाश सरकणारा वारा यांचा पाऊस सारखा कसा असेल? त्यामुळे माथ्यावरचा आकडा बहुतेक वेळा कमी येतो, आणि कड्यापलीकडे, पावसाच्या सावलीत, उगाच जास्त.

२०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. हे मोठं काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. तरीही ताम्हिणी किंवा अंधारबनच्या दरीला ६ किलोमीटरही मोठेच पडतात.

म्हणून वारा. वाऱ्याचे नकाशे दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर ८५० हेक्टोपास्कलची पातळी निवडा. ही साधारण दीड किलोमीटर उंची, म्हणजे आपल्या माथ्याच्या थोडं वर. तिथे तीन गोष्टी बघायच्या. वारा थेट पश्चिमेकडून येतोय का? आपली रांग दक्षिणोत्तर आहे, तेव्हा पश्चिमेचा वारा तिला काटकोनात भिडतो. वायव्येकडून आला तर घसटून जातो. दुसरं, वेग. ३० नॉटच्या (ताशी साधारण ५५ किलोमीटर) पुढे गेला की मी सावध होतो. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: हे किती तास टिकणार आहे? सहा तासांचा जोर ओढा भरतो, छत्तीस तासांचा जोर धरण भरतो.

हा जोर कधी येतो? बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र विदर्भ-मध्य प्रदेशाकडे सरकू लागलं आणि त्याच वेळी दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असला, की अरबी समुद्रावरचे वारे खेचले जातात. या दोन ओळी हवामान खात्याच्या रोजच्या पत्रकात असतात. लोक त्या सोडून थेट इशाऱ्याचा रंग बघतात.

रानजाई | १६ जुलै, रात्री १०:२५

वाचनखूण साठवली. एक शंका. पत्रकात "तुरळक ठिकाणी अति मुसळधार" असतं. तुरळक आणि अति मुसळधार एकत्र कसं?

घाटवाट | १६ जुलै, रात्री १०:४१

बरं झालं विचारलंत, या शब्दाने फार घोळ होतो. 'तुरळक' हा पावसाच्या जोराबद्दलचा शब्द नाही, ठिकाणांबद्दलचा आहे. विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पडणार असेल तर 'तुरळक ठिकाणी', मग 'काही ठिकाणी', मग 'बऱ्याच ठिकाणी', आणि ७५ टक्क्यांच्या वर 'बहुतेक ठिकाणी'. जोर वेगळा मोजतात: २४ तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार.

पुणे किंवा सातारा जिल्ह्याचा विचार करा. ते २५ टक्के म्हणजे नेमका घाट. 'तुरळक ठिकाणी' वाचून मुळशी-वेल्ह्याच्या माणसाने निर्धास्त होऊ नये, ती ओळ त्याच्याचसाठी लिहिलेली असते. आता खातं 'पुणे घाट', 'सातारा घाट', 'कोल्हापूर घाट' असा वेगळा इशारा देतं. तोच बघत जा.

इरलं | १६ जुलै, रात्री ११:०५

मी मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला राहतो. भातशेती. तुम्ही वारा म्हणता ते अगदी खरं. आमच्याकडे जुनी माणसं ढगाकडे बघतच नाहीत, कारण जून ते ऑगस्ट ढग जमिनीवरच असतो. ती झाडाकडे बघतात. सोंडेवरची झाडं दिवसभर एकाच अंगाला वाकलेली राहिली आणि मधे उघडीप पडली नाही, की लावणीची माणसं दुपारीच परत बोलवायची आणि गुरं ओढ्याच्या अलीकडे बांधायची. पाऊस धरून बसला की दोन रात्री सोडत नाही.

आणखी एक. आमच्याकडच्या मोठ्या पावसात गडगडाट नसतो. शहरातले पाहुणे म्हणतात वीज नाही, वादळ नाही, चला धबधब्याखाली. वीज वळवाच्या पावसात असते, मे महिन्यात. आषाढातला पाऊस मुका असतो. माणसं वाहून जातात ती या मुक्या पावसात.

मी दोन वर्षांपूर्वी पर्जन्यमापक घेतला. अ‍ॅप सांगतं त्याच्या तिप्पट भरतो.

बाष्प | १७ जुलै, सकाळी ७:१२

इरलंदादा, तुमचा 'मुका पाऊस' म्हणजे हवामानशास्त्रातली अगदी खरी गोष्ट आहे. मी याच विषयात शिकतो आहे म्हणून थोडं विस्ताराने.

घाटातल्या पावसाचा मोठा वाटा बुटक्या ढगांमधून येतो. त्यांचे माथे हिमकण तयार होण्याइतके उंच जातातच असं नाही. पाण्याचे थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि पडतात. वीज तयार व्हायला बर्फाचे कण लागतात, ते नाहीत म्हणून गडगडाट नाही. महाबळेश्वरला २०१२ पासून उंचावरची मेघभौतिकी प्रयोगशाळा चालते, ती या ढगांचा अभ्यास थेट ढगात बसून करते.

याचा अंदाजावर काय परिणाम? दोन. एक, उपग्रह. इन्फ्रारेड चित्रात ढगाचा माथा जितका थंड तितका पाऊस जास्त असं धरतात. बुटक्या ढगाचा माथा उबदार, म्हणून उपग्रहाला वाटतं फारसं काही नाही, आणि खाली नदी पुलाला लागलेली असते. दोन, रडार. मुंबईच्या रडारची सगळ्यात खालची किरणशलाका अर्ध्या अंशाने वर जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे १४० किलोमीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या आसपास, ती समुद्रसपाटीपासून अडीच किलोमीटरच्या घरात पोचलेली असते. पाऊस तिच्या खालीच वाढतो. मधे डोंगर आडवा आला तर पुढचं दिसतच नाही.

आता एक हिशेब, मला फार आवडतो म्हणून. समुद्रावरून येणाऱ्या हवेत एका घनमीटरला २० ग्रॅम बाष्प धरा. वाऱ्याचा वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे जवळपास २९ नॉट. खालचा एक किलोमीटर जाडीचा थर धरला, तर कड्याच्या प्रत्येक मीटर रुंदीवर सेकंदाला ३०० किलो बाष्प येऊन आदळतं. ही हवा किलोमीटरभर वर चढली की तिच्यातलं साधारण आठव्या हिश्श्याचं पाणी होतं. ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात पडलं, तर ताशी पावणेसात मिमी, दिवसाला १६० च्या पुढे. म्हणजे नुसता वारा कड्यावर चढत राहिला तरी 'अति मुसळधार' गाठला जातो. त्याला वादळ लागत नाही, ढगफुटी लागत नाही. लागतो तो वेळ. घाटवाट सरांचा तिसरा मुद्दा तो हाच.

५००-६०० मिमीचे दिवस येतात तेव्हा या संथ चढणीवर आणखी जोरदार सरींची भर पडलेली असते. ती भर नेमकी कोणत्या दरीत पडेल हे आदल्या दिवशी सांगणं आजही अवघड आहे.

रानजाई | १७ जुलै, सकाळी ८:०३

फारच सुंदर समजावलंत. 'ढगफुटी' हा शब्द बातम्यांत सर्रास येतो, तो मग बहुतेक वेळा चुकीचाच असतो का?

बाष्प | १७ जुलै, सकाळी ८:२०

हो. ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरएवढ्या लहान भागात एका तासात १०० मिमी किंवा जास्त. घाटात दिवसभरात ३०० पडले तरी ती ढगफुटी असेलच असं नाही. शब्दाचा हट्ट मी एवढ्यासाठी धरतो की ढगफुटी म्हटलं की 'कुणालाच कळणं शक्य नव्हतं' असा अर्थ होतो. संततधारेची चाहूल दोन दिवस आधी लागू शकते.

नदीकाठी | १७ जुलै, दुपारी १:३०

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. २५ जुलै २०२४ ला आमच्या सोसायटीत पहाटे पाणी आलं. आदल्या रात्री मी अंदाज बघितला होता, पण पुणे शहराचा. शिवाजीनगरला त्या २४ तासांत ११४ मिमी झाला, पुण्यासाठी तो खूपच. पण आमच्या घरात आलेलं पाणी शिवाजीनगरचं नव्हतं. त्याच दिवशी ताम्हिणीत ५५६ मिमी नोंदला गेला. खडकवासल्याच्या वरच्या खोऱ्यांतही तोच पाऊस होता, आणि पहाटे धरणातून ३५ हजार क्युसेक सोडावे लागले.

टेमघर, वरसगाव, पानशेत ही नावं मी लहानपणापासून पेपरात वाचतो. पिण्याचं पाणी किती साठलं हे बघायला. ती माझ्या पार्किंगच्या वरच्या अंगाला आहेत हे त्या पहाटे कळलं. वडिलांना पाठीवर घेऊन जिना चढलो. घाटवाट सर, 'नदी जिथे उगवते तिथला अंदाज वाचा' हे तुमचं वाक्य प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावायला हवं.

आकडेमोड | १७ जुलै, सायंकाळी ६:१५

धागा उत्तम, पण एका मुद्द्यावर असहमत. 'मिलिमीटरचा आकडा शेवटी बघा' हे सामान्य माणसाला दिशाभूल करणारं होईल. प्रारूपं आता खूप सुधारली आहेत. एकच आकडा बघण्याऐवजी एकाच प्रारूपाच्या अनेक आवृत्त्या चालवून मिळणारी शक्यता बघावी. पन्नासपैकी चाळीस आवृत्त्या १०० च्या वर दाखवत असतील तर ती माहिती वाऱ्याच्या बाणापेक्षा वाचायला सोपी आहे. प्रत्येकाने ८५० हेक्टोपास्कलचे नकाशे वाचावेत ही अपेक्षा जास्त होते.

घाटवाट | १७ जुलै, रात्री ९:०५

शक्यतेचा मुद्दा मान्य, आणि मी तो लिहायला हवा होता. पण त्या पन्नासही आवृत्त्यांना डोंगर तेवढाच बुटका दिसत असेल, तर पन्नासही एकाच बाजूला चुकतील. तिथे एकमत म्हणजे खात्री नव्हे. मोठ्या पट्ट्यात वारा कसा वाहणार हे प्रारूपं तीन-चार दिवस आधी चांगलं सांगतात. त्या वाऱ्याचं अमुक एका दरीत किती पाणी होणार, इथे ती अडखळतात. म्हणून ज्यात ती पक्की आहेत ते आधी घ्यायचं आणि पुढचं आपल्या खोऱ्याच्या जुन्या नोंदींवरून जोडायचं. नकाशा वाचायला अर्धा तास लागतो शिकायला. नदीकाठी यांनी जे लिहिलंय ते वाचल्यावर अर्धा तास जास्त वाटत नाही मला.

पश्चिमछाया | १८ जुलै, पहाटे ४:४० (सिअ‍ॅटलहून, वेळ भारतातली)

इकडून थोडी भर. मी मूळची साताऱ्याची, आता बारा वर्षं वॉशिंग्टन राज्यात. इथे समुद्राला लागून ऑलिंपिक पर्वत आहे आणि त्याची कथा महाबळेश्वर-वाईचीच. पश्चिम उतारावरच्या होह खोऱ्यात वर्षाला साडेतीन हजार मिमीच्या आसपास, आणि पर्वताच्या ईशान्येला सिक्विम नावाच्या गावात चारशे. तिथे लव्हेंडरची शेती करतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाईहून पुढे लोणंदला उतरल्यासारखं वाटलं होतं.

फरक मोसमाचा आहे. इथला पाऊस हिवाळ्यातला. प्रशांत महासागरावरून बाष्पाचे लांबच लांब पट्टे येतात, त्यांना अ‍ॅटमॉस्फेरिक रिव्हर म्हणतात. अंदाज करणाऱ्याला इथे एक जास्तीचा प्रश्न असतो: हिमरेषा किती उंचीवर? ती तीनशे मीटर वर सरकली तर बर्फ म्हणून डोंगरावर थांबणारं पाणी पाऊस होऊन त्याच रात्री नदीत येतं. आपल्या घाटात ही चिंता नाही, पण मग थांबवून धरणारंही काही नाही, सगळं पाणी लगेच खाली.

रडारचा प्रश्न इथेही होता. ऑलिंपिक पर्वताने जुन्या रडारची वाट अडवली होती, समुद्रावरून काय येतंय ते दिसत नसे. स्थानिक हवामान अभ्यासक आणि लोक मागे लागले, आणि २०११ मध्ये किनाऱ्यावर लँगली हिलला नवं रडार उभं राहिलं. ते खाली, समुद्राच्या बाजूला बघतं.

कॅलिफोर्नियात मेंडोसिनो तलावावर आणखी एक प्रयोग झाला. धरणातलं पाणी ठरलेल्या तारखेच्या तक्त्याने सोडण्याऐवजी अंदाज बघून सोडायचं किंवा धरायचं. बाष्पाचा पट्टा येणार असेल तर आधीच जागा करायची, येणार नसेल तर पाणी राखायचं. घाटवाट काका, तुमच्या कामाशी याचा थेट संबंध आहे म्हणून लिहिलं.

घाटवाट | १८ जुलै, सकाळी ९:२०

अगदी थेट आहे. आपल्याकडेही प्रत्येक धरणाची जलाशय परिचालन सूची असते: अमुक तारखेला पाणी अमुक पातळीच्या वर नको. पण जुलैअखेर धरणावर बसलेल्या अभियंत्याच्या एका खांद्यावर पूर असतो आणि दुसऱ्यावर पुढचा उन्हाळा. आज सोडलं आणि पुढे पाऊस रुसला तर मे महिन्यात टँकर. आज धरलं आणि रात्री ५०० पडला तर खालची वस्ती. घाटाचा अंदाज जेवढा पक्का होईल तेवढं त्याला आधी आणि थोडंथोडं सोडता येईल. पहाटे एकदम ३५ हजार आणि आदल्या दुपारपासून टप्प्याटप्प्याने, या दोन्हींत नदीकाठी यांच्या वडिलांपुरता केवढा फरक आहे.

वाशिष्ठीकाठ | १८ जुलै, सकाळी ११:४५

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ बद्दल लिहायला हात धजत नाही, पण या धाग्यावर लिहायलाच हवं. २३ तारखेला सकाळी साडेआठला महाबळेश्वरने २४ तासांचा ५९४ मिमी मोजला. त्याच घाटाचं पाणी पश्चिमेला आमच्या वाशिष्ठीत उतरलं. खाली खाडीला भरती. बाजारपेठेत पहिला मजला बुडाला. त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर डोंगर आला.

आमच्या आजी नक्षत्रांवरून पाऊस सांगायच्या. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. पुष्य लागतं साधारण २० जुलैला आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असतं. मी तारखा मांडून बघितल्या: २६ जुलै २००५ ची मुंबई, सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला फक्त ७३. ३० जुलै २०१४ चं माळीण. २२ जुलै २०२१. २५ जुलै २०२४. सगळा म्हातारा पाऊस. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला रात्री, म्हणजे उंबरठ्यावर. यात दैव नाही हे मला कळतं. मोसमी वारा ऐन भरात असतो आणि जमीन महिनाभर भिजून तट्ट झालेली असते, नवं पाणी ती पीत नाही. पण आगोटीची तयारी मे महिन्यात करतो तशी पुष्याची एक तयारी असावी असं वाटतं. कागदपत्रं माळ्यावर, औषधं पिशवीत, गाडी वरच्या रस्त्याला.

बाष्प | १८ जुलै, दुपारी १२:३०

अनुमोदन. भिजलेल्या जमिनीचा मुद्दा दरडींसाठी कळीचा आहे. फक्त आजचा पाऊस बघू नये, आधीच्या चार-पाच दिवसांची बेरीज बघावी.

डोंगरयात्री | १८ जुलै, सायंकाळी ७:५०

येत्या रविवारी आमचा बारा जणांचा गट अंधारबनला जायचा आहे. वारा बघितला: शनिवार दुपारपासून पश्चिमेकडून ३५ नॉट, सोमवार सकाळपर्यंत. अ‍ॅपमध्ये रविवारी ४० मिमी. पैसे भरून झालेत. काय करावं?

घाटवाट | १८ जुलै, रात्री ८:१०

जाऊ नका. चाळीस तास एकाच दिशेने ३५ नॉट असताना ४० मिमीवर विश्वास ठेवू नका. त्या वाटेत ओढे ओलांडावे लागतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी परततांना कमरेला असेल, आणि तुमच्या डोक्यावर त्या वेळी कदाचित भुरभुरच असेल, कारण पाऊस वरच्या पठारावर झालेला असतो.

इरलं | १८ जुलै, रात्री ८:३५

मीही हेच सांगतो. आमच्या गावात या, जेवण करू, भात लावायला हात लावा. ओढ्यात नको.

डोंगरयात्री | १८ जुलै, रात्री १०:०२

गटाशी बोललो. रद्द केला. इरलंदादा, बारापैकी सात जण लावणीला यायला तयार आहेत, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

आकडेमोड | १९ जुलै, सकाळी १०:१५

इरलंदादा, तुमच्या मापकाचा 'तिप्पट' हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. मापक कुठे ठेवलाय?

इरलं | १९ जुलै, दुपारी १२:४०

अंगणात, घराच्या भिंतीपासून दोन हातांवर. वाऱ्याने पडू नये म्हणून.

घाटवाट | १९ जुलै, दुपारी १:०५

मग त्यात पागोळ्यांचं पाणी उडतंय. जवळच्या घराची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट तरी अंतर हवं. पण अगदी धारेवर, उघड्या सोंडेवरही नको, तिथे वारा थेंब आडवे नेतो आणि मापक कमी भरतो. मोकळ्या खाचराच्या बांधावर, खांब पक्का रोवून, तोंड सपाट. रोज सकाळी साडेआठलाच मोजा. त्या मोजणीवर त्या दिवशीची तारीख टाका, पाऊस आदल्या दिवशीचा असला तरी. खात्याची पद्धत तीच आहे, नाहीतर जुळवताना एक दिवस इकडेतिकडे होतो.

इरलं | २० जुलै, सकाळी ८:५०

काल दुपारीच हलवला. खाचराच्या वरच्या बांधावर, घरापासून पन्नास पावलं. आज मोजला. तिप्पट नाही भरला, पण अ‍ॅपच्या दुपटीहून जास्तच. वारा कालपासून एकाच अंगाचा आहे, झाडं वाकलेली आहेत. मापक रात्री भरून वाहू नये म्हणून आता संध्याकाळी साडेपाचलाही मोजून दोन्हींची बेरीज लिहिणार आहे. चालेल ना?

घाटवाट | २० जुलै, सकाळी ९:००

चालेल. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, बेरीज खाली. आणि इथेच टाकत जा.

नदीकाठी | २० जुलै, सकाळी ९:०४

संध्याकाळचा आकडा जरूर टाका. मी वाट बघतोय.